विजूची गिटार

आवडी स्टेशनवर माझ्या बाकावर एक वयस्क जोडपं गिटार घेऊन मद्रासच्या गाडीची वाट पाहत बसलं होतं.

"विजूच्या गिटारीचं काय करून ठेवलंत हो? तारा केवढ्या उचलल्यात!"

"वरच्या टोकाला तारांखाली उंच पट्टी घातलीय. आता गिटार मांडीवर आडवी घ्यायची, अन् तारांवरून पोलादी कांडी फिरवायची."

"म्हणजे तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत?"

"कारखान्यात हातोडी धरून माझी बोटं वळेनाशी झालीत. मला एवढंच जमतं."

"आणि विजू आला म्हणजे?"

"पोरगा माझ्याशी भांडून घरातून गेला, त्याला तीन वर्षं झाली गं."

"आला म्हणजे?"

"तारा सैल केल्या की पट्टी निघते. चिकटवली नाहीये मी."