मी आयसीयूत नव्हते

मी, चौकातल्या मेडिकलची मालकीण, वय ६४ वर्षे, शिक्षण बी.फार्म., धंदा औषधविक्री, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आज समक्ष पोलीस ठाण्यात येऊन जबाब देते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझी एकुलती एक मुलगी वकील असून चार वर्षांपासून परदेशात आहे. इथे असताना ती मतदारयादीतून नावे गाळलेल्या लोकांना विनामूल्य अर्ज लिहून देणारी संस्था चालवत असे. संस्थेच्या खोलीला सील आहे. तिचे दोन सहकारी खटला न चालताच तुरुंगात आहेत. तिकडच्या एका सभेत तिने हे सांगितले, म्हणून तिच्यावर याच ठाण्यात गुन्हा दाखल आहे. ती विमानतळावर उतरताच अटक होईल, असेही मला इथूनच सांगण्यात आले आहे.

तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळाने तिला कार्यकारिणीतून काढले आहे. "तुझं खरं आहे गं, पण आमचे आईवडील अजून तिथेच आहेत," असे मंडळाच्या अध्यक्षबाई तिला म्हणाल्या.

काल सकाळी दुकानातला फोन वाजला. मी उचलून "मेडिकल" म्हटले. पलीकडून मुलगी म्हणाली, "आई?" मी म्हटले, "मग गल्ल्यावर दुसरं कोण असणार?" ती रडू लागली. कारण विचारले असता तिने सांगितले की, मला हृदयविकाराचा झटका आला असून मी आयसीयूत आहे, मोबाईल लागणार नाही, लगेच निघ, असा तिच्या मामाचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला होता. मोबाईल मी दुकानात आणत नाही, हे भावाला ठाऊक आहे. मुलगी तिकडच्या विमानतळावर होती. सामान आत गेले होते. आईजवळ कोण बसले आहे, हे दुकानात कोणी असल्यास विचारावे म्हणून तिने फोन केला होता.

"तुला हे कोणी बोलायला लावतंय का?" असे तिने विचारले. मी म्हटले, "समोर खोकल्याचं औषध मागणारे आजोबा उभे आहेत. परत फिर." आजोबांनी फोन मागून घेतला व म्हणाले, "पोरी, तुझी आई मला चिठ्ठीशिवाय औषध देत नाहीये. ठणठणीत आहे ती." त्यावर तिचा विश्वास बसला. ती परत फिरली.

मी दुकान बंद करून भावाच्या छापखान्यात गेले. तो म्हणाला, "ताई, मला काय हौस आली होती का? साध्या कपड्यातले दोघं येऊन बसले. फोनही त्यांनीच लावून दिला. नाहीतर छापखान्याला सील ठोकू म्हणाले."

मी म्हटले, "आणि तू त्यांना चहा पाजलास." कप टेबलावर तसेच होते.

तो म्हणाला, "मला पोरंबाळं आहेत, ताई."

मी म्हटले, "मला एकच आहे."

त्या दोघांचे वर्णन भावाने मला सांगितले आहे. त्यांपैकी भुवईवर व्रण असलेला माणूस मी आज ठाण्यात आले तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. मला पाहून तो आत गेला. भावाविरुद्ध तक्रार आहे का, असे विचारले असता मी सांगते की, त्याचे मी घरी बघून घेईन. तक्रार त्या दोघांविरुद्ध आहे.

ठाण्यातले साहेब म्हणाले, "कोणी आजारी आहे असं सांगणं हा काही गुन्हा नाही, बाई. काळजीपोटी झालं असेल. गैरसमज झाला असं लिहू." गैरसमज झालेला नाही. तो शब्द लिहिला होता, तो मी खोडायला लावला असून तिथे माझी सही आहे. मला रक्तदाब नाही, मधुमेह नाही. छातीत दुखते का, असे साहेबांनी दोनदा विचारले. दुखत नाही.

मुलीला मी काल जे सांगितले, ते इथे नोंदवून ठेवावे. यापुढे माझ्या आजाराची बातमी मामाने दिली, शेजाऱ्यांनी दिली, डॉक्टरांनी दिली, तरी यायचे नाही. मी स्वतः रडत फोन केला तरी यायचे नाही. मी गेले असे कळले तरी यायचे नाही. "हो म्हण," असे मी तिला म्हटले. ती हो म्हणाली.

जबाब महिला कॉन्स्टेबलने लिहून घेतला व मला वाचून दाखवला. मुलीबद्दलच्या शेवटच्या परिच्छेदाशी त्या थांबल्या, म्हणून तेवढा मी स्वतः मोठ्याने वाचला. अक्षर स्वच्छ आहे. मजकूर मी सांगितला तसाच असून खरा आहे.