मनकर्णाबाईला न दाखवलेला लाल पट्टा

नाव कुणाल गुणवंता डोंगरे, वय २९ वर्षे, काम घरोघरी जाऊन मदतनीस रोबोट समजावून देणे, राहणार लोधीखेडा, तहसील सौंसर. पांढुर्णा ठाण्यात कोणी न बोलावता आलो आहे. सांगतो ते असे की,

तिगावचे चिंधू घागरे यांना लकवा आहे. त्यांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवणारा रोबोट आमच्या कंपनीने दि. ३ नोव्हेंबरला लावला. सोबत चष्मा असतो. तो घातला की रोबोट कुठे सरकणार, ते जमिनीवर लाल पट्ट्यात आधीच दिसते. घरातल्या प्रत्येकाने ते पाहायचे, मग फॉर्मवर अंगठा, असा नियम आहे.

त्या दिवशी सकाळी ११ वाजता चिंधूंचे थोरले भाऊ हिरामण समोर बसून होते. चिंधूंची बायको मनकर्णाबाई भासऱ्यासमोर, म्हणजे या थोरल्या दिरासमोर, डोईवरचा पदर काढत नाही, अन् चष्मा तर डोक्यावरून आवळावा लागते. ती म्हणाली, "भाऊ, मोठे बसले हायेत नं. ते गेल्यावर पायीन."

मला सौंसरला दुसऱ्या घरी रोबोट समजवायला जायचं होतं. हिरामणला बाहेर बसा म्हणायला जीभ रेटली नाही. चष्मा त्यांनाच घातला. ते तर त्या घरात राहतही नाहीत! "अरे बापा, जमीन लाल होऊन राहिली!" म्हणून हसले. मीही हसलो. बाईला म्हटलं, "कायले घाबरता, माणूस दिसला का तो आपोआप थांबते." मागे सरकताना त्याला खाली बसलेलं माणूस दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी तिचा हात धरून अंगठा मीच लावला.

दि. ९ रोजी सकाळी ८ च्या सुमारास बाई रोबोटमागे खाली बसून मेथी निवडत होती. तो चिंधूंना उचलून मागे सरला. बाईच्या मांडीचं हाड मोडलं. चिंधू त्याच्यात बांधलेले, नुसते ओरडत राहिले.

कंपनी फॉर्म दाखवून म्हणते, बाईला शिकवलं होतं. दवाखान्यात हिरामण म्हणाले, "मधात बसाचं कायले?" बाई पडल्यापडल्या पदर सावरून मला म्हणाली, "भाऊ, तुमी सांगतलं असन. माह्याच ध्यानात नाई रायलं." लाज वाटली, तरी 'तुम्हाला दाखवलंच नव्हतं' हे मी तिला सांगितलं नाही.

ठाण्यात हा जबाब लिहून घेणाऱ्या मुंशीजींनी हे सारं मला वाचून दाखवलं. त्यांनी फॉर्मवरून "बाईला माहिती होती" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. बाकी बरोबर आहे. सही मी करतो, माझा हात कोणी धरलेला नाही.