कंपनीचं नाव मीच खरवडलं

लिहून घेऊन राहिल्या तर घ्या ताई, पण गोड करून लिहू नका, जसं सांगतो तसंच लिहा. माहं नाव दिवाकर लांजेवार, राहतो कॅनडात, कनाट्यात, ओटावा शहराच्या पश्चिम अंगाले. तुम्ही बसल्या ते माहं बेसमेंट, अन् भिंतीवर टांगल्या त्या लोकांच्या सायकली, थंडी सुरू झाली का आणून टाकतात अन् बर्फ वितळला का घेऊन जातात. मधले पाच महिने मी अन् हे चाकं, दुसरं कोणी नाही.

मूळचा मी नागपूरचा, इतवारीतला. बाबांचं सायकलीचं दुकान होतं, दुकान कसलं, एक फळी, एक पंप अन् पाण्याचं घमेलं. पण चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढावा तर माह्या बाबांनी. डोळे मिटून चाक फिरवत अन् बोटानं आरे चाचपत, म्हणत, दिवाकर, चाक खोटं बोलत नाही, वाकडं असलं तर वाकडंच फिरते. ते माह्या हाताले लहानपणीच लागलं. मंग पॉलिटेक्निक केलं, हिंगण्याले एमआयडीसीत नोकरी केली, अन् लोक कॅनडाले अप्लाय करत होते म्हणून मीबी केलं अन् इथं आलो, बायको सुनंदा अन् दोन वर्षांची पोरगी मृणाल घेऊन. टेलिफोनचे सर्किट बोर्ड बनवायची फॅक्टरी होती, तिथं लागलो. मंग काय सांगू तुमाले, एक दिवस सगळ्यायले कॅफेटेरियात बोलावलं, लेऑफ म्हणे, अन् खोके दिले हातात सामान भरायले. इंजिनिअर लोक रडत होते हो, मोठमोठे माणसं.

मी गेलो सायकलीच्या दुकानात काम मागायले. सुनंदा दोन दिवस बोलली नाही माह्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणे, कॅनडात येऊन पंक्चरच काढायचे होते तर इतवारीत काय वाईट होतं. तिचं खरंच होतं. पण मले खरं सांगायचं तर लाज नाही वाटली, चाक हातात आलं अन् बरं वाटलं. त्या दुकानात शर्यतीच्या टीमचा माणूस यायचा, आम्ही त्याले डायरेक्टर म्हणायचो, टीमचा मुख्य तोच. त्यानं माहं काम पाह्यलं अन् म्हणे, आमच्यासंगं चल. असा मी प्रोफेशनल सायकलिंगच्या टीमचा मेकॅनिक झालो. क्युबेकमध्ये शर्यती, अमेरिकेत शर्यती, अन् वर्षातून दोनदा बेल्जियम. इतवारीचा माणूस बेल्जियमच्या दगडी रस्त्यावर गाडीच्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून चालत्या सायकलीचा ब्रेक नीट करून राहिला, बाबांनी पाह्यलं असतं तर हसले असते.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं समजणार नाही. या टीमले स्वतःचं नाव नसते. जी कंपनी पैसा देते तिचंच नाव टीमले. शर्टावर तेच, ट्रकवर तेच, पाण्याच्या बाटलीवरबी तेच. तिकीटखिडकी नाही, मैदान नाही, रस्त्याच्या बाजूनं उभं राहून लोक फुकट पाहतात. म्हणून कंपनी गेली का टीम गेली, दुसरा काही आधारच नाही. आमची कंपनी इथलीच, कनाट्यातली, सॉफ्टवेअरवाली. नाव मी घेत नाही, घेऊन तोंड कडू करायचं नाही मले.

त्या कंपनीचा साहेब मोठा हसतमुख. स्वतः सायकल चालवायचा, शनिवारी आमच्यासंगं यायचा. घरी आला होता, सुनंदाच्या हातची पाटवडी खाल्ली, तर्री लागली तर डोळ्यातून पाणी आलं पण ताट साफ केलं. मले म्हणे, दिवा, वी आर फॅमिली. मी भोळा, मले खरंच वाटलं ते.

अन् आमचा मोठा खेळाडू होता लुक. क्युबेकमधल्या लव्हालचा पोरगा, पोरगा म्हणतो मी, सत्तावीस वर्षांचा होता. बाप नाही, आई शाळेत स्वयंपाकाचं काम करायची. तो मले दिवा म्हणायचा अन् सुनंदाले आई. कोणी शिकवलं नाही, मृणालचं ऐकून म्हणायले लागला, आऽऽई असं लांबवून, फ्रेंच लोकायसारखं. शर्यतीच्या आदल्या दिवशी स्वतः येऊन चाक फिरवून पाहायचा अन् म्हणायचा, पारफे, दिवा, पारफे. म्हणजे एकदम बरोबर. मले पोरगा नाही, त्याच्यात मी पोरगा पाहून राहिलो होतो, हे लपवून काय करू.

दोन वर्षं लुक दहावा, आठवा, अकरावा असा येत होता. ताकदीचं औषध, इंजेक्शन काही न घेता आलेला आठवा नंबर म्हणजे काय असते, हे आम्हाले माहीत, साहेबाले नाही. एकदा जेवताना साहेब हसत हसतच म्हणाला, आम्ही आठव्या नंबरावर नाव टाकायले पैसा नाही देत हं. सगळे हसले. डायरेक्टर हसला, मीबी हसलो. लुक नाही हसला. त्याच्या हातातला काटा तसाच राह्यला, ते मी पाह्यलं.

पुढच्या वसंतात बेल्जियम. सकाळची वेळ, सगळे नाश्त्याले गेलेले. मी ट्रकमध्ये बाटल्या भरायले कूलर उघडला. बर्फाच्या खाली एक छोटा थर्मास. आपला वाटला नाही म्हणून उघडला तर आत बारीक शिश्या अन् सुया. ताई, मी काही शिकलेला डॉक्टर नाही, पण एवढं समजते. मी झाकण लावलं. तेवढ्यात लुक आला, माह्या हातात थर्मास. मी विचारलं, हे काय आहे? तो म्हणे, व्हिटॅमिन, दिवा. मी म्हटलं, व्हिटॅमिन बर्फाखाली लपवतात? तो पुन्हा म्हणे, व्हिटॅमिन. अन् माह्याकडे पाह्यलं नाही, चाकाकडे पाह्यलं.

मी थर्मास जिथं होता तिथं ठेवला. एवढंच केलं मी. ओरडलो नाही, फेकला नाही, कोणाले सांगितलं नाही. मनाले म्हटलं, पोरगा म्हणते नं व्हिटॅमिन, मंग व्हिटॅमिन. हातानं वाकडं चाक पकडणारा माणूस मी, अन् डोळ्यासमोरचं वाकडं मले दिसूनबी मी सरळ म्हटलं.

त्या उन्हाळ्यात लुक जिंकला. एक नाही, तीन शर्यती. कनाट्याच्या ऑफिसात त्याचा शर्ट काचेत लावला, केक कापला, साहेबानं त्याले उचलूनच घेतलं. मृणाल तोवर त्याच कंपनीत लागली होती, कम्युनिकेशन्समध्ये, पेपरवाल्यायशी बोलणं, स्टेटमेंट लिहिणं असं काम. स्वतःच्या हिमतीवर लागली, माह्या ओळखीनं नाही, हे जरूर लिहा. त्या दिवशी आम्ही बापलेक एका फोटोत आहो, दोघांच्या छातीवर एकच नाव.

मंग सप्टेंबरात बातमी आली. मी टीमच्या वर्कशॉपात रिमले गोंद लावून टायर चिकटवून राहिलो होतो, हात चिकट, फोन उचलता येईना. शेवटी उचलला तर डायरेक्टर. लुकची टेस्ट पॉझिटिव्ह, एवढंच म्हणाला. मले धक्का बसला असं मी सगळ्यायले सांगितलं. खोटं. मले धक्का नाही बसला. मले असं झालं का घरात कोणी पाहुणा येणार हे माहीत होतं अन् तो आला.

सोमवारी कंपनी म्हणे, आम्ही टीमच्या पाठीशी उभे आहो. गुरुवारी म्हणे, झीरो टॉलरन्स, आजपासून आमचा संबंध नाही. तीन दिवसात फॅमिली संपली हो. साहेबाले मी फोन केला, लागला नाही, पुन्हा केला, नाही. अन् ते गुरुवारचं स्टेटमेंट मी वाचलं, त्यात एक वाक्य होतं, टीमच्या स्टाफनं आपली जबाबदारी पाळली नाही. साधं, साफ इंग्रजी. मले ते वाक्य ओळखीचं वाटलं. संध्याकाळी मृणाल आली, मी विचारलं, हे तू लिहिलं? म्हणे, येस, बाबा. इट्स माय जॉब.

मी लय बोललो तिले. बापाले चोर म्हणते का, म्हटलं, ज्या बापानं पंक्चर काढून तुले कॉलेजात पाठवलं त्याले? सुनंदा मधात पडली, मृणाल रडली नाही, हेच मले लागलं. म्हणे, बाबा, डिड यू नो? जस्ट टेल मी. यस ऑर नो. मी म्हटलं, नाही. ती माह्या तोंडाकडे पाहत राह्यली अन् मंग कोट घालून निघून गेली. तिले समजलं होतं. लहानपणापासून तिले माहं खोटं समजते.

पुढच्या आठवड्यात डायरेक्टर म्हणे, ट्रक अन् सायकली ज्यायच्या त्यायले वापस करायच्या आहेत, त्याच्याआधी कंपनीचं नाव काढून टाक, कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. बाकी सगळे गेले होते, मेकॅनिक मी एकटा. सुनंदाचा हेअर ड्रायर नेला, प्लास्टिकची पट्टी घेतली अन् एक एक अक्षर गरम करून खरवडलं. तीन दिवस. ट्रकवरचे अक्षरं माह्यापेक्षा उंच होते, शिडी लावून काढले. अन् गंमत पाहा, नाव निघालं पण उन्हानं आजूबाजूचा रंग उडाला होता, तर नाव तसंच दिसायले लागलं, पहिल्यापेक्षा साफ. मी डायरेक्टरले दाखवलं. तो म्हणे, राहू दे, ते आपला प्रॉब्लेम नाही.

आमच्यामागून दुसऱ्या दोन टीमचेबी स्पॉन्सर गेले, एक विमा कंपनी, एक कॉफीवाले. त्यायच्या पोरायनं काहीच घेतलं नव्हतं. पण कोणाले आपलं नाव सायकलवर नको होतं. आमच्यातच एक होता, बिचारा खरा, जन्मभर चौदावा यायचा, काही न घेता. तो आता ओटावात बस चालवते. त्याचं नाव पेपरात एकदाबी आलं नाही, ना जिंकून, ना पकडून.

मंग डोपिंगची चौकशी करणारे आले. दोन बाया होत्या, नीट बोलणाऱ्या. डायरेक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं, दिवा, तू मेकॅनिक, तुले फक्त चाकं माहीत. मी खुर्चीत बसलो, तिनं विचारलं, तुम्ही काही पाह्यलं का? मले मृणालचा चेहरा आठवला. मी म्हटलं, पाह्यलं. थर्मास पाह्यला, विचारलं, अन् गप बसलो. सगळं सांगितलं. अन् हेबी सांगितलं का कूलरची किल्ली दोघांपाशीच होती, माह्यापाशी अन् डायरेक्टरपाशी.

तुमाले वाटंन, खरं बोललो तर काही चांगलं झालं असंन. ऐका. लुकले बंदी झाली. डायरेक्टरवर काही सिद्ध झालं नाही, तो दोन वर्षांत नवीन टीम घेऊन आला, छातीवर नवीन कंपनी. अन् मले? मले कोणी घेतलं नाही. अकरा टीमायले विचारलं. एक जण फोनवर खरं बोलला, म्हणे, तू चांगला मेकॅनिक आहे, पण तू बोलतो. ज्यानं घेतलं तो गेला, ज्यानं दिलं तो राह्यला, अन् ज्यानं सांगितलं त्याले दार बंद. इकडे आपले मराठी लोकबी, गणपतीत आरतीच्या ताटापाशी विचारतात, काय हो लांजेवार, ते ड्रग्जचं काय होतं? जसं काही मी विकत होतो.

ती कंपनी आता पोरायच्या हॉकीले पैसा देते. रिंकच्या भिंतीवर तेच नाव, तोच साहेब, तेच हसणं. मृणालनं ती नोकरी सोडली, काहून सोडली मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. मी चौकशीत काय बोललो ते तिनं पेपरात वाचलं, फोन केला अन् म्हणे, ओके, बाबा. एवढंच. पण रविवारी जेवायले आली, अन् तेव्हापासून येते.

मागच्या ऑक्टोबरात लुक आला होता. लव्हालवरून गाडी चालवत आला, न सांगता. आता छपरं बसवायचं काम करते म्हणे. सुनंदानं दार उघडलं. मी इथंच होतो, खाली, चाक स्टँडले लावलेलं. वरून तिनं आवाज दिला, अहो, कोण आलं पाहा. त्याचा आवाज मी ओळखला, आऽऽई म्हणाला तेव्हाच ओळखला. मी उठलो नाही. ती पायऱ्यांपर्यंत आली, म्हणे, या ना वर. मी म्हटलं, काम आहे.

एक तास बसला तो. फरशीतून बोलणं नीट ऐकू येत नाही, खुर्ची सरकली ते ऐकू येते, पाण्याचा नळ ऐकू येते. मले वाटे का आता उतरंन, पायऱ्या काही जास्त नाहीत, चौदा आहेत. तो उतरला नाही, मी चढलो नाही. मंग दार वाजलं, गाडी सुरू झाली.

सुनंदा खाली आली, डोळे लाल. म्हणे, रडला हो पोरगा, तुमची माफी मागत होता, मेकॅनिक लोकायची नोकरी माह्यामुळं गेली म्हणे. एवढा राग बरा नाही, आशीर्वाद तरी द्यायचा होता. मी म्हटलं, दिला. ती म्हणे, कवा दिला? मी म्हटलं, तो वर बसला होता तवा, इथूनच. सुखी राह्य म्हटलं, आईले सांभाळ म्हटलं, छपरावर चढतो तर पाय जपून टाक म्हटलं.

तोंडावर नाही देता आला, ताई. तेवढं अजून जमलं नाही.