पेजेचा दंड

...आणि वर मलाच विचारतात, 'मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस, तुमाला येवढं कळू ने?' अहो, काय कळायचं होतं त्यात? पेज ती पेज! नाचणी, पाणी, मीठ. यात जात कधी घालतात, उकळी यायच्या आधी का नंतर?

तुम्हाला सांगतो, अठरा सालची ती तापाची साथ. अख्खं औंढे आडवं. मी आडवा, बायको आडवी, चूल तर आमच्याही आधी आडवी! भावकी? होती ना! दत्तोबाआबा, माझे सख्खे चुलते, रोज यायचे... अंगणापलीकडं उभे, नाकाला उपरणं, तिथनंच ओरडायचे, 'हौशा, हायस का रं?' मी म्हणायचो, 'आहे, आबा.' 'बरं बरं!' की गेले! चार दिवस आम्ही नुसत्या त्या 'हायस का'वर काढले!

पाचव्या दिवशी डोंगरावरच्या ठाकरवाडीतली सारजाबाई गवताचा भारा घेऊन चाललेली, तिनं दार ढकललं. 'आगं बया, चूल थंडगार हाय की!' भारा टाकला, स्वतःच्या ओटीतली नाचणी काढली, पेज शिजवली, आणि देताना मात्र थबकली... 'मास्तर, आमच्या हातचं चालंल का?' मी विचार करत होतो हो! शिकलेला ना! तोवर बायकोनं वाडगा ओढूनसुद्धा घेतला. तीन दिवस तेच. नाचणी, पाणी, मीठ. मी उठलो. ती उठली नाही. अंबू. तिचं नाव अंबू. ती असताना चारचौघांत कधी घेतलं नाही.

तेराव्याला बहिणीनं भात रांधला, पन्नास पत्रावळ्या मांडल्या, आणि आलं कोण? माशा! चावडीवर गेलो तर सगळे तिथं. आबा म्हणतात, 'ठाकराच्या हातची पेज शिरली तुज्या घरात, आमी जेवावं कसं?'

'आबा, तेराव्याचं जेवण आहे. ती अडकून राहील हो.'

'ते खरं रं. पर रीत म्हंजे रीत.'

मग बैठक. मग दंड. आणि दंड काय, ऐका! माझ्या घरी जेवले तर बाटतात, म्हणून साऱ्या भावकीला जेवण... माझ्याच घरी! 'आन् भात आंबेमोहराचाच पायजे, हौशा. जाडाभरडा नगं, शुद्धीचं काम हाय.' हसताय? मीही हसलो असतो, पण ते सगळे इतके गंभीर बसले होते...

घातलं जेवण. पाऊस बुडालेला, दाणा कुठला? पेरणीसाठी ठेवलेलं भात कांडलं. तेच घर, तीच चूल, पेजेचं तेच पातेलं! सगळे जेवले. सारजाबाई तेवढी नव्हती. तिला बोलावलं असतं तर पुन्हा दंड! नाचणी, पाणी, मीठ...

आबांनी तीनदा भात घेतला, ढेकर दिला, पाठीवर हात ठेवला. 'सुटली बग सूनबाई. आता तुज्या घरी कंदी बी येऊ जेवाया.'

या म्हटलं, आबा. बहीण उद्या सासरी चाललीय. रांधणारीचं तेवढं बघा.