मेळाव्यातल्या तीस भाकऱ्या

अख्ख्या डोंगरीत तांदळाची भाकरी माझ्यासारखी थापणारा दुसरा पुरुष नाही. थापणारा पुरुषच दुसरा नाही, ते सोडा.

नातीला गहू कणभरही बाधतो. तशाच पोरांचा शांती नगरात मेळावा होता. मी ऐटीत तीस भाकऱ्या घेऊन गेलो. पोरं तुटून पडणार, तेवढ्यात नात म्हणाली, "आजोबा, पीठ कुठं दळलंत?"

"गिरणीत."

"आधी कोणाचं दळण होतं?"

"शेजारणीचे गहू. का गं?"

सगळ्या आयांनी पोरांच्या ताटल्या मागे ओढल्या. चक्कीतलं गव्हाचं पीठ माझ्या तांदळात उतरणारच, हे माझ्या टकलात उतरलंच नव्हतं.

"आता एवढ्या भाकऱ्या मी एकट्यानं खाऊ?"

"खा ना, कोपऱ्यात बसून. शाळेत मी रोज तशीच खाते."