कोचीत कुणाच्या घरी जायचं नाही

रुद्रम्मा : ते पोतं आधी खाली ठेवा.

शिवलिंगप्पा : पोतं कुठंय? थैली हाय.

रुद्रम्मा : दोघांनी उचलायची थैली? लोक बोटीवर जाताना गॉगल घेत्यात, टोपी घेत्यात. आमचं माणूस ज्वारी घेतंय.

शिवरंजनी : अप्पा, कंपनीनं सरळ कळवलंय, घरचं खाण्याचं सामान बोटीवर चालणार नाही. दारातच काढून घेतात.

शिवलिंगप्पा : ज्वारी काय खाण्याचं सामान हाय व्हय? दाणं हायत. दळल्याबिगर, थापल्याबिगर कोण खाईल? विचारलं तर सांगीन, बियाणं हाय. बियाण्याचाच दुकानदार मी.

रुद्रम्मा : सांगा की. बियाण्याच्या कंपनीनं फुकट सहल दिली, आन हे तिथंच बियाणं विकायला बसले म्हणतील.

शिवलिंगप्पा : फुकट कशाची? वर्षभर त्यांचा माल खपवलाय. सगळ्या बेंबळीत हा मान आपल्या दुकानाला मिळाला, तेही जोडप्यानं. आन तू सकाळपासून भांडायलीस.

शिवरंजनी : दोघंही थांबा जरा. परवा बोट धरायला मुंबईला निघायचंय आणि तुमचं अजून कोचीचंच ठरेना. बोट सकाळी कोचीला लागणार, संध्याकाळी सुटणार. मधला दिवस तुमचा. कंपनीची बस नको, हे तरी पक्कं ना?

शिवलिंगप्पा : बस बिलकुल नको. बसमध्ये सगळे दुकानदारच. इथं बारा महिने युरिया आन सोयाबीनची उगवण ऐकतोय, तेच ऐकायला कोचीपातूर जायचं का?

रुद्रम्मा : बस मलाबी नको. लग्न झाल्यापासून आमचं दुसरं एकमत असंल हे.

शिवरंजनी : आणि पहिलं?

रुद्रम्मा : तुझं नाव ठेवलं तेव्हा.

शिवरंजनी : बरं. मग मी शोधून ठेवलंय ते ऐका. बंदराच्या फाटकाबाहेर रिक्षा मिळते. ती धक्क्यावर सोडते. तिथून छोट्या बोटीनं पलीकडं उतरायचं. उतरलं की मासे धरायची भलीमोठी जाळी टांगलेली दिसतात, आणि पुढं चालत गेलं की समुद्राचा काठ. दुपारी तिथंच जेवा, शाकाहारी हॉटेल बघून ठेवलंय. आणि बोट सुटायच्या बरंच आधी परत या.

शिवलिंगप्पा : म्हंजे बोटीतनं उतरायचं आन परत बोटीत बसायचं?

शिवरंजनी : दुसऱ्या बोटीत, अप्पा.

शिवलिंगप्पा : आन जाऊन बघायचं काय, तर माशाची जाळी. लिंगायताच्या घरातल्या माणसांनी.

रुद्रम्मा : बघायची हायत. खायची न्हायत.

शिवलिंगप्पा : काय गरजच न्हाय त्याची. मी सगळा इंतजाम केलाय. आत्याचा सिद्रामप्पा कोचीतच असतो न्हवं? सोलापूरच्या कांद्याच्या अडत्याचं तिथलं काम बघतो. कालच फोन केला त्याला. गाडी घेऊन फाटकावर येतो म्हणाला. मस्त घरी जाऊ, जेवू, जरा पडू, सुखदुःखाचं बोलू...

रुद्रम्मा : आलं. आलं बघ बाहेर. म्हणून ही ज्वारी.

शिवलिंगप्पा : मग रिकाम्या हातानं जायचं का माणसाच्या दारात?

रुद्रम्मा : दारात जायचंच न्हाय मला. कुणाच्याच न्हाय. रंजनी, तू साक्षीला हायेस म्हणून तुझ्यासमोर सांगते. मी आजवर हैदराबादला गेले, बेंगळुरूला गेले, पुण्याला गेले, मुंबईला गेले. कुठं काय बघितलं ते विचार मला.

शिवरंजनी : आई, हे मला पाठ आहे.

रुद्रम्मा : पाठ असू दे. आज परत ऐक. हैदराबादला चारमिनार दाखवतो म्हणाले. कल्याणप्पांच्या घरी उतरलो. चारमिनार बघायला हे दोघं गेले, मी पोळ्या लाटत बसले. बेंगळुरूला नागप्पा मामांकडं. तिथं तर मामींचं अंग दुखत हुतं, सगळा सैपाक माझ्यावर. मुंबईला ह्यांच्या दोस्ताकडं. समुद्र पलीकडच्याच रस्त्याला हाय म्हणे. आसंल. मी दिवसभर वाटाणे सोलले. मुंबईत समुद्र कुठल्या अंगाला हाय ते आजबी मला सांगता येणार न्हाय.

शिवलिंगप्पा : कुणी सांगितलं हुतं वाटाणे सोलायला?

रुद्रम्मा : कुणी सांगत न्हाय! तेच तर हाय! कुणीच सांगत न्हाय. घरची बाई एकटी राबायली आन पाव्हणी बाई खुर्चीवर बसली, असं कुठं असतंय का? तुमी बाहेर चहा घेता, आन मी पदर खोचते. गावं बदलत्यात, कट्टा तोच. एका गावात गॅस डाव्या हाताला, एका गावात उजव्या. तेवढाच फरक बघितलाय म्या.

शिवलिंगप्पा : आता बोटीवर समुद्रच समुद्र हाय की. खिडकीतनं बघ, गच्चीवरनं बघ. कंटाळशील.

रुद्रम्मा : वरनं दिसतोय तो. पायाला लागत न्हाय.

शिवलिंगप्पा : आन पायाला लावून काय मिळतंय?

रुद्रम्मा : काय मिळतंय ते लावल्याबिगर कसं कळंल? सगळ्याचा हिशेब कसला मांडताय? मला एकदा, एकच दिवस, कुणाची सून न्हाय, कुणाची वैनी न्हाय, असं उभं राहायचंय. पाण्यात. बस.

शिवरंजनी : अप्पा, ऐका ना. सिद्रामकाकांना फोनवर सांगा, वेळ कमी आहे, पुढच्या वेळी येऊ.

शिवलिंगप्पा : पुढची वेळ कोचीची? बेंबळीच्या माणसाला? आगं, गावात येऊन घरी आले न्हायत, ही गोष्ट भावकीत जलमभर निघती. आन तुमी दोघी हसताय, पण परक्या गावात आपलं माणूस असावं लागतंय. तुझे आजोबा हैदराबादच्या दवाखान्यात हुते तेव्हा महिनाभर कल्याणप्पांनी घातलं आमाला जेवायला. रोज दोन्ही टाईम डबा. कोण करतंय कुणासाठी? जाणंयेणं ठेवलं म्हणून केलं त्यांनी. माणसं अशीच टिकत्यात.

रुद्रम्मा : हे खोटं न्हाय. मी कधीच खोटं म्हणले न्हाय.

शिवलिंगप्पा : मग?

रुद्रम्मा : डबा कल्याणप्पांनी केला का?

शिवलिंगप्पा : त्यांच्याच घरनं यायचा.

रुद्रम्मा : केला कुणी?

शिवलिंगप्पा : त्यांच्या मंडळींनी. आणखी कोण करणार?

रुद्रम्मा : नाव सांगा तिचं.

शिवलिंगप्पा : नावाचं काय घेऊन बसलीस?

रुद्रम्मा : महिनाभर दोन्ही टाईम खाल्लं. नाव सांगा.

शिवलिंगप्पा : सगळे वैनीच म्हणायचे तिला. मीबी वैनीच म्हणायचो.

रुद्रम्मा : महानंदा. मला म्हाईत हाय, कारण मी तिच्या शेजारी उभी राहून लाटत हुते. तिलाबी चारमिनारच्या वर चढायचं हुतं. घर त्याच गावात, आन चढली न्हवती कधी.

शिवलिंगप्पा : हे तू मला कधी बोलली न्हाईस.

रुद्रम्मा : तुमी चारमिनार बघून आलात आन जेवायला बसलात. बोलायचं कधी?

शिवरंजनी : अप्पा, तुम्ही काल काकूंशी, शांताक्काशी बोललात का? की फक्त काकांशी?

शिवलिंगप्पा : शांताक्काशी काय बोलायचं? सिद्रामप्पा हो म्हणाला की झालं.

रुद्रम्मा : फोन लावा तिला.

शिवलिंगप्पा : तिचा नंबर न्हाय माझ्याकडं.

शिवरंजनी : माझ्याकडं आहे. भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचा फोटो टाकतात त्या.

शिवलिंगप्पा : काय सांगणार हायेस तिला? येत न्हाय म्हणून? आगं, वाईट वाटंल तिला. रुद्रम्मा, तकलीफ करून घेऊ नगं. माझं नाक कापलं जाईल.

रुद्रम्मा : तुमचं नाक हितंच राहतंय. लाव गं.

(फोनची रिंग दोनदा जाते. रंजनी स्पीकर चालू करून फोन ज्वारीच्या थैलीवर ठेवते.)

शांताक्का : हां, रंजनी? बोल गं बाई.

रुद्रम्मा : मी बोलायली, शांताक्का. बेंबळीहून.

शांताक्का : अय्यो, वैनी! येणार न्हवं? हे म्हणाले काल रात्री. मी सगळं ठरवून ठेवलंय. पुरणपोळी करते, कटाची आमटी करते, भावजींना शेंगाची पोळी आवडती तीबी करते. वांगी हितली चांगली मिळत न्हायत, पण बघते कुठं गावत्यात का.

शिवलिंगप्पा : बघ. बघ, किती जीव लावती.

रुद्रम्मा : तुमी गप बसा. शांताक्का, एक विचारायचं हुतं. तिथला समुद्र कसा हाय?

शांताक्का : समुद्र?

रुद्रम्मा : ती जाळी असत्यात म्हणे मोठाली. आन काठावर वाळू. तुमी राहता तिथनं लांब हाय का?

शांताक्का : लांब कशाचा. छोट्या बोटीत बसलं की पलीकडंच.

रुद्रम्मा : मग छान असंल.

शांताक्का : ...असंल की. सगळे चांगलंच म्हणत्यात. तुमच्यासारखं कुणी ना कुणी येतंयच वैनी, सोलापूरचं, अक्कलकोटचं. हे घेऊन जात्यात त्यांना फिरवायला. परत येईपातूर गरम पोळ्या लागत्यात न्हवं. म्हणून मग मी...

रुद्रम्मा : तुमी गेलाच न्हाई.

शांताक्का : रस्त्यानं जाताना गाडीतनं दिसतोय मला. न्हाय असं न्हाय.

रुद्रम्मा : पायाला लागलाय का?

शांताक्का : न्हाय बाई. लेक झाली त्या वर्षी आलो आमी हितं. आता तिला कॉलेज लागलं.

रुद्रम्मा : मग ऐका. पुरण घालू नका. शेंगाची पोळी न्हाय, कटाची आमटी न्हाय, काय न्हाय. तुमीच या धक्क्यावर. आपण दोघी जाऊ पलीकडं.

शांताक्का : आन ह्यांचं जेवण?

रुद्रम्मा : हॉटेल बघून ठेवलंय पोरीनं.

शांताक्का : हे काय म्हणतील, वैनी?

रुद्रम्मा : काय म्हणायचं ते म्हणू देत. दोघं एकमेकांना म्हणतील.

शिवलिंगप्पा : आगं पण बोट! तिकडंच बसलात दोघी बोलत आन बोट सुटली तर? ती काय आपली एस्टी हाय का, कंडक्टरला हात केला की थांबायला?

रुद्रम्मा : सुटली तर तुमी जावा बोटीनं. मी शांताक्काकडं राहीन. आपलं माणूस हाय न्हवं तिथं.

शिवरंजनी : अप्पा, आता बोलू नका. आता हरलात तुम्ही.

शिवलिंगप्पा : हरलो तर हरलो. पण मला विचारू तरी दे. शांताक्का, मी शिवलिंगप्पा. ही ज्वारी आणायची का न्हाय तेवढं तूच सांग. हितं मला सगळ्यांनी येड्यात काढलंय.

शांताक्का : आपल्या रानातली हाय का, भावजी?

शिवलिंगप्पा : आपल्याच. ह्याच रब्बीची.

शांताक्का : मग आणा की वो. हितं तसली मिळतच न्हाय. लई दिवस झाले चांगली भाकरी खाऊन.

शिवलिंगप्पा : ऐकलंस? ऐकलंस का?

रुद्रम्मा : ऐकलं. आणतील, शांताक्का. दारात काढून घेतली न्हाय तर आणतील, आन तुमच्या घरी स्वतः उचलून नेतील. पण त्या दिवशी तुमी थापायची न्हाय.

शांताक्का : न्हाय थापत. वैनी... ठेवू नका एवढ्यात. एक विचारू? हसायचं न्हाय.

रुद्रम्मा : विचारा की.

शांताक्का : पाण्यात जाताना चपला काठावर काढून ठेवत्यात, का हातात धरत्यात?

रुद्रम्मा : मलाबी न्हाय म्हाईत. तिथं गेल्यावर बघू.