मालकानं घरात थांबायचं नाही

— नाही हो, वेळेत तुमची काही चूक नाही. एजंटबाईंनी पाचची वेळ दिली, मी फोन करून चारला बोलावलं, एवढंच. या ना आत. बूट राहू द्या पायात, फरशी काही नवी नाही. अहो त्या खुर्चीत नको — ती दाखवायची खुर्ची आहे, बसायची नाही. बाईंनी कुठून तरी आणून ठेवलीय, म्हणे हॉलला उठाव येतो. माझी आरामखुर्ची मागच्या गॅलरीत, शिक्षा केल्यासारखी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. हो, फोन मीच केला होता. बाईंच्या ऑफिसातून बोलतोय असं म्हणालो खरा, पण आता तुम्ही आवाज ओळखलाच आहे, तर लपवून काय करू.

काय आहे ना, एजंटबाईंचा पहिला नियमच आहे — घर दाखवताना मालकानं घरात थांबायचं नाही. का? का म्हणजे, मालक बोलतो. गिऱ्हाईक विचारतं पाणी कसं आहे, मालक पाण्यावरून शेजाऱ्यावर जातो, शेजाऱ्यावरून जावयावर. गिऱ्हाईक म्हणतं रंग जरा फिका वाटतो, की मालकाला वाटतं आपल्या पोरीला बघायला येऊन नाक मुरडलं. बाईंचं बरोबर आहे — त्यांच्या तोंडावर नाही म्हणणार मी, पण बरोबर आहे. आधी आम्ही एजंट कुठे ठेवला होता? दारावर मीच पाटी लावली. म्हटलं, दोन टक्के कशाचे द्यायचे, बोलायचे? बोलायला मला कुणाची मदत लागत नाही. तर एक मास्तर आले, अगदी सभ्य माणूस, बाथरूमच्या फरशीकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणाले. नुसतं हं. मी त्यांना त्या फरशीचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला आणि वर म्हणालो, तुम्हाला घर घ्यायचंच नाहीये, तुम्ही खोड्या काढायला आलायत. गेले बिचारे. दुसऱ्यानं किंमत विचारली. मी सांगितली. तो गप्प. आता समोर माणूस गप्प बसला की मला सुचेनासं होतं — मी आपली थोडी कमी केली. तो गप्पच. मी आणखी कमी केली. हिनं आतून हाक मारली म्हणून वाचलो, नाहीतर घर देऊन वर त्याला गाडीभाडंही दिलं असतं मी.

मग मुलीनं एजंटबाई आणल्या. त्या बघा, किंमत सांगतात आणि तोंडाला कुलूप लावतात. खुशाल चहा पीत बसतात. समोरचा चुळबुळ करतो, छताकडे बघतो, शेवटी तोच बोलतो. आणि कितीपर्यंत खाली यायचं, तो शेवटचा आकडा? तो त्यांनी मला सांगितलेलाच नाही. हिला सांगितलाय. घर माझं, आकडा माझ्या घराचा, आणि माझ्यापासूनच चोरून. म्हणजे तुम्ही मला कितीही खोदून विचारलंत — बरं बरं, नका विचारू.

चला, तुम्हाला खरं घर दाखवतो. बाई दाखवतात ते वेगळं, तिथं दिवसाढवळ्या सगळे दिवे लावलेले असतात. मी नळाच्या कारखान्यात तपासनीस होतो, माल नापास करायचा पगार मिळायचा मला. चकाकी मला दिसतच नाही हो, आधी गळणार कुठून ते दिसतं. हे बघा, हे कपाट धरा तिकडून, सरकवू जरा — ही ओल. पश्चिमेची भिंत आहे, पावसाळ्यात इथपर्यंत चढते. बाहेरून गिलावा करून घेतला की थांबेल, भिंत आतून ठणठणीत आहे, मी ठोकून बघितलीय, पण तुम्ही घाबरा, घाबरायला हरकत नाही. ही खिडकी हवेत दमटपणा आला की अडकते. खालून उचलून मग ढकलायची — अशी — बघा, लोण्यासारखी. बाथरूमला या. त्या मास्तरांचं ‘हं’ बरोबर होतं, फरशीचा उतार उलटा आहे, पाणी दाराशी येतं. मी तिथं हा एक उंबरा घातलाय, हातानं, आता थेंब बाहेर येत नाही, पण उतार उलटा तो उलटाच. स्वयंपाकघरात सकाळी पाण्याला जोर नसतो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ रात्री जेवण झालं की खुर्ची ओढतात — एकदाच, पण अशी ओढतात की वाटतं घर बदलताहेत. अजून काय? नाही, तारा नव्या आहेत, मी उभं राहून घालून घेतल्या. छत कोरडं आहे. एवढंच. पण एवढं काय कमी आहे?

आणि जिने. जिने विसरू नका, तीन मजले, लिफ्ट नाही. तुमच्या घरात गुडघेदुखी कुणाला? कुणालाच नाही? आईवडील? ते गावी असतात — बरं. हेच मी खाली बाकावर बसून सुचवतो. बाई मला बाकावर बसवून येतात ना, बसतो मी, आज्ञाधारक आहे. पण बाकावरच्या म्हाताऱ्याशी माणसं आपणहून बोलतात. तिसऱ्या मजल्यावरचं घर बघायला आलात का? असं का. बस, एवढंच. ‘असं का’ म्हणायचं आणि मान जरा हलवायची. दोन गिऱ्हाइकं तिथूनच मागे फिरली, वर आलीच नाहीत. तिसरं आलं, पण जिना चढताना भिंतीच बघत होतं. खोटं एक अक्षर बोललो नाही मी.

नाही, विकायचंय. विकायचंय हो. विकायलाच हवं. पलीकडच्या रस्त्याला तळमजल्यावरचं घर बोलून ठेवलंय, महिनाअखेर पैसे गेले नाहीत तर ते दुसऱ्याला देणार आहेत. ते कुणासाठी? हिच्यासाठी. हिचे गुडघे गेलेत. वर्ष झालं, ही आपल्या पायांनी खाली उतरली नाही. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून, दोन हमाल धरून. मागच्या खेपेला परत वर आणताना दुसऱ्या मजल्यावर हमाल दम खायला थांबले, तेव्हा ही त्यांना म्हणाली, सावकाश घ्या, मला वर जायची घाई नाही. ते हसले. मीही हसलो. मी तर जरा जास्तच हसलो. आता खिडकीशी बसते आणि मी बाहेरून आलो की विचारते, कोण भेटलं, वाण्याकडे कोण होतं, काय म्हणालं. आणि मी सांगतो — बाजारहाट करून आल्यासारखं पिशवीतून एकेक काढून.

मग गिऱ्हाइकं का पळवतो? कोण म्हणालं पळवतो? — बरं, पळवतो. पाटी होती तोवर गंमत होती हो, कोण घेतंय म्हटलं. बाई आल्या आणि घर खरंच जाणार असं दिसायला लागलं. तिकडे सगळं नवं आहे. नळ नवे, खिडक्या नव्या, भिंतीला ओल नाही, कुठं हात घालायला जागा नाही. मी दिवसभर करू काय तिथं? इथला प्रत्येक बिघाड माझ्या ओळखीचा आहे. भीती वाटते मला, झालं? बायकोपेक्षा खिडकी प्यारी झाली का म्हणाल, तर तसं नाही, पण रोज दिसायला तसंच दिसतंय, ते मलाही कळतं.

तुम्ही हसताय का? मघाशी ओल दाखवली तेव्हाही हसलात. गिऱ्हाइकानं ओल बघून हसायचं नसतं. — काय? कोण म्हणालं? एजंटबाई? माझा फोन येणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं तुम्हाला? काय म्हणाल्या नेमकं, शब्द सांगा. ‘मालक लवकर बोलावतील, जा, आणि सांगतील ते सगळं ऐकून घ्या. त्यांनी दाखवला नाही तो दोष त्या घरात नाही.’ असं म्हणाल्या? अहो, म्हणजे मी मघापासून घर नापास करतोय आणि बाईंनी माझ्याच तोंडून ते पास करून घेतलं. आणि मला वाटत होतं, मी त्यांना बनवतोय. दोन टक्के काय, त्या बाईला — जाऊ दे, दोनच ठीक आहेत, शेफारतील.

म्हणजे तुम्ही — घेताय? ओलीसकट? जिने चढायला मुलं आहेत म्हणता, पळतील. हो. पळतील खरी. वरच्यांची खुर्ची चालेल? बरं.

बरं.

ती आतली खोली राहिली, पण तिथं ही झोपलीय, ती नंतर — अगं, तू उठलीस? दार कशाला उघडलंस, धर आधी, चौकट धर. हे घर बघायला आलेत. तुला माहितीय? कधीपासून माहितीय? बाईंनी तुलाही — मलाच तेवढं कुणी काही सांगत नाही या घरात. हो, घेतो म्हणतात. खरंच म्हणतात. अगं आता रडतेस काय, त्यांच्यासमोर. काय? आत्ता? ते पलीकडचं घर कुठं पळून जातंय, उद्या हमाल बोलावतो ना, मग बघ निवांत. — बसत बसत उतरशील? सगळे जिने?

अहो, तुम्ही निघा आता. पाच वाजता बाई येतील, त्यांच्याशी काय ते बोला, किंमत सांगितल्यावर त्या गप्प बसतील, तुम्हीही बसा. जाताना दार उघडंच ठेवा. नाही, मदत नको, निघा तुम्ही. मला हिच्या बाहेरच्या चपला शोधायच्यात, कुठं ठेवल्यात तेच आठवत नाही.